जावक चारशे बारा, जावक चारशे एकतीस

एकोणीसशे नव्व्याण्णव साल ते. वर्ष संपताना जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडणार, अशी भीती लोक एकमेकांना घालत होते, आणि बिजागऱ्यांच्या त्या कारखान्यात नेमका त्याच वर्षी पहिला कॉम्प्युटर आला. बंदच पडायचा आहे तर आणता कशाला, असं आवकबाईंनी विचारलं होतं. कुणी उत्तर दिलं नाही. त्यांचा प्रश्न असा हवेत लोंबकळत राहण्याची अठ्ठावीस वर्षांतली ती पहिलीच वेळ.

आवकबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीत शिरलं की डाव्या हाताला आवक-जावकीचं टेबल होतं, त्यामागे त्या बसत, म्हणून आवकबाई. येणाऱ्या कागदावर आवक क्रमांक, जाणाऱ्या कागदावर जावक क्रमांक, आणि दोन्हींची नोंद दोन जाडजूड वह्यांत. अठ्ठावीस वर्षांत एक कागद गहाळ नाही, एक नंबर गाळलेला नाही, एक नंबर दोनदा पडलेला नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या तेव्हा बदली माणसाने घातलेले नंबर त्यांनी आधी तपासले आणि मग लोकांना मुलगी झाल्याचं सांगितलं.

कारखान्याचे नियम दोनच होते आणि ते साहेबांच्या वडिलांनी घालून दिलेले होते. नंबर नसलेला कागद ही रद्दी, आणि साहेबांची सही असल्याशिवाय कारखान्यातून एक ओळही बाहेर जायची नाही. साहेब सही हिरव्या शाईने करत. एकदा गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली तेव्हा नळवाल्याला बोलावल्याचं पत्र टाइप झालं, साहेबांनी वाचून एक स्वल्पविराम घातला, सही केली, बाईंनी जावक क्रमांक टाकला आणि ते पत्र समोर घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या नळवाल्याच्या हातात दिलं. नळवाला तोवर तासभर तिथेच उभा होता. पण पत्र मिळाल्याशिवाय त्यानेही पान्हा काढला नाही. कारखान्याची शिस्तच तशी होती.

अशा ठिकाणी साहेबांची मुलगी आली. बाहेर शिकून, दोन मोठ्या कंपन्यांत काम करून, खांद्याला काळी पिशवी लावून. लहानपणी ती बाईंच्या टेबलाखाली बसून जुन्या पाकिटांवरची तिकिटं सोडवायची. आता सगळे तिला छोट्या मॅडम म्हणू लागले. बाईंची मोठी पंचाईत झाली. “तू” म्हणायला जीभ धजेना, “तुम्ही” म्हणायला वळेना. मग त्या कितीतरी दिवस तिच्याशी “चहा घ्यायचा का?”, “खिडकी लावायची का?” एवढंच बोलत. मॅडमना वाटलं, बाईंचं वय झालं.

पहिल्याच सोमवारी मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं. त्या बराच वेळ बोलल्या. त्यातलं लोकांना कळलं ते असं: गिऱ्हाईक आता सकाळी विचारतं आणि त्याला दुपारी उत्तर हवं असतं. आपल्याकडे एका पत्राला चार ट्रे ओलांडायला नऊ दिवस लागतात. यापुढे जो तो आपापल्या पत्त्यावरून आपापलं पत्र इंटरनेटवर स्वतः लिहील. वरच्या माणसाचं काम प्रत्येक ओळ वाचणं नव्हे, खालच्यांवर भरवसा टाकणं. शेजारी बसलेले साहेब मान डोलावत होते. पण दुसऱ्याच्या दुखण्याची हकीकत ऐकताना माणूस डोलावतो तशी.

सगळ्यात शेवटी मॅडम म्हणाल्या की हे सहा महिने करून पाहू, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून आवक-जावकीचं टेबल बंद. बाईंना स्टोअरमध्ये जागा देऊ.

स्टोअरमध्ये. म्हणजे स्टोअरकीपरच्या हाताखाली. या गृहस्थाने अकरा वर्षांपूर्वी एका नंबर पडलेल्या पत्रावर ओला ग्लास ठेवला होता. पत्रावर गोल डाग पडला, आणि तेव्हापासून बाई त्याच्याशी बोलत नव्हत्या. निवृत्तीला चार वर्षं उरलेली. ती चार वर्षं एका डागाच्या मालकाला विचारून चहाला जायचं!

घरी त्यांनी विषय काढला. यजमान निवृत्त शिक्षक, भूमिती शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि बाईही म्हणत. मास्तरांनी कागदावर एक वर्तुळ काढून दाखवलं. ते कशासाठी, हे अजून कुणाला कळलेलं नाही. वरच्या मजल्यावर टेलिफोन खात्यातले एक निवृत्त गृहस्थ राहत; त्यांनी सांगितलं की तारांचा त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव आहे, या मेल वाटेत कुठेतरी अडकून पडतात, आणि नंतर काढायला खांबावर माणूस चढवावा लागतो. कामाचं बोलल्या त्या शेजारी राहणाऱ्या नणंदबाई. त्या बँकेत होत्या.

“वहिनी, रडताय कशाला? आमच्याकडे मशीन आलं तेव्हापासून कागद दुप्पट झालाय. मशीनवर लिहायचं, मग छापायचं, मग त्याच्यावर सही घ्यायची. नुसत्या मशीनवर भरवसा कोण ठेवतो?”

बाईंचे डोळे पुसले गेले. दुसऱ्या दिवशी त्या केबिनमध्ये गेल्या आणि साहेबांना एकच प्रश्न विचारला: मेलवर तुमची सही कुठे येणार?

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पंधरा दिवस त्यांना हाच प्रश्न छळत होता, पण विचारणार कुणाला? मुलीला विचारावं तर बाप मागासलेला ठरतो. ते हळूच म्हणाले, “मीही त्याच विचारात आहे, बाई.”

मग बाईंनी आपली योजना मांडली. मेल जाऊ दे खुशाल. पण मागोमाग तोच मजकूर कारखान्याच्या छापील कागदावर टाइप करून, साहेबांच्या सहीनिशी टपालाने जावा. त्याला म्हणायचं पक्कं पत्र. साहेबांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की त्यांनी त्या दिवशी स्वतःहून खिडकी उघडली. मॅडमनी विरोध करून पाहिला. मेल पोचली की काम झालं, बाबा, असं त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, “पोचते ती बातमी. पत्र वेगळं.”

झालं. टेबलाला असा बहर आला की विचारू नका. मेल आली की टायपिस्ट ती छापायचा, बाई आवक क्रमांक घालायच्या, साहेब समासात पेन्सिलीने उत्तर लिहायचे, टायपिस्ट ते टाइपरायटरवर टाइप करायचा, साहेबांची सही व्हायची, आणि मग त्या सही झालेल्या कागदाकडे बघून टायपिस्ट तेच पुन्हा कॉम्प्युटरवर टाइप करायचा; मेल गेली की आठवड्याने तोच कागद पक्कं पत्र म्हणून टपालात पडायचा. नऊ दिवसांचे अकरा झाले. शिवाय टेलिफोनची तार एकच. टायपिस्ट इंटरनेट लावायला बसला की ते यंत्र मांजराची शेपूट चिमटावी तसं किंचाळायचं आणि साहेबांचा फोन मुका व्हायचा. बाहेरच्या लोकांना तर वाटू लागलं की कारखाना बुडाला.

मॅडमनी सगळ्यांना पत्ते दिले होते, पण ते वापरण्याची कुणाची छाती होईना. एकट्या साहेबांनी मात्र इंटरनेट फार मनावर घेतलं. केस वाढवणाऱ्या तेलाची जाहिरात मेलने आली. बाईंनी तिला नंबर घातला, कारण आलेल्या पत्रात डावं-उजवं करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. साहेबांनी सभ्यपणे उत्तर दिलं: “आपले पत्र पोचले. तूर्त गरज नाही.” आता जाहिरातवाल्यांना आयुष्यात कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. ते हुरळून गेले. त्यांनी साहेबांचा पत्ता आपल्या सगळ्या गणगोताला कळवला, आणि दिवसाला चाळीस पत्रं यायला लागली. साहेब चाळिसांनाही उत्तरं देत; त्यांच्या नंबरांसाठी बाईंनी तिसरी वही घातली. एका पत्रात वजन उतरवण्याचं औषध होतं. त्याला त्यांनी “विचार करून कळवतो” असं लिहिलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, दुपारी बाराच्या सुमारास, कारखान्याच्या दारात एक ट्रक उभा राहिला. ट्रकमध्ये पाऊण इंची स्क्रूंची दोनशे खोकी होती. वीस लाख स्क्रू. बिजागरीच्या प्रत्येक जोडीबरोबर स्क्रूंची पुडी जाते, त्यामुळे स्क्रू लागतात हे खरं. पण वीस लाख स्क्रू दहा दिवसांपूर्वीच येऊन पडले होते.

ट्रकवाल्याने मागणीचं पत्र दाखवलं. छापील कागद, हिरवी सही, सगळं जागच्या जागी. माल उतरवून घेणं भाग पडलं. स्टोअर भरलेलंच, मग खोकी बोळात रचली, जिन्याखाली रचली, टायपिस्टच्या दोन्ही बाजूंना रचली, आणि उरलेली साहेबांच्या केबिनमध्ये. केबिनचं दार मग अर्धंच उघडायचं. साऱ्या मुलुखाला बिजागऱ्या पुरवणारे साहेब आपल्याच दारातून पोट आत घेऊन, आडवे होऊन जाऊ लागले. सोमवारी पितळी पत्रा दुसऱ्यांदा आला. मंगळवारी वंगण तेलाचे डबे दुसऱ्यांदा आले.

बाईंनी जावकीची वही उघडली आणि त्या चारशे बाराच्या नोंदीपाशी थांबल्या. स्क्रूंची मागणी मेलने गेली, तिला जावक क्रमांक चारशे बारा. आठवड्याने पक्कं पत्र गेलं. एक नंबर दोन कागदांवर पडणं बाईंच्या राज्यात शक्यच नव्हतं, म्हणून त्याला त्यांनी स्वतंत्र नंबर घातला, चारशे एकतीस, आणि त्या दिवसाची तारीख. वर “नक्कल” असा शिक्का मारावा का, हेही तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं. पण साहेबांची सही असलेल्या कागदाला नक्कल म्हणायचं? त्यांनी शिक्का परत डबीत ठेवला होता. तिकडे स्क्रूवाल्यांकडे मेल एका टेबलावर उतरत होती आणि टपाल दुसऱ्या. दोन नंबर, दोन तारखा, दोन मागण्या. त्यांनी दोन्ही इमानाने पुरवल्या. अशा एकोणीस मागण्या वहीत होत्या.

माल परत करण्याच्या खटपटीसाठी बाई स्वतःच स्क्रूवाल्यांच्या कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनाने एक फॉर्म पुढे सरकवला आणि सांगितलं की चुकून गेलेल्या पत्राचा नंबर तेवढा इथे लिहा, म्हणजे परतीचं बघू. बाई पाव तास पेन धरून बसल्या. चारशे बारा चूक म्हणावं, तर ते अगदी बरोबर होतं. चारशे एकतीसवर तर साहेबांची सही होती.

“चूक कुठल्याच पत्रात नाही,” त्या शेवटी म्हणाल्या.

“मग माल परत कसा घेऊ, बाई?” कारकून म्हणाला. तोही बिचारा नियमाचाच माणूस.

बाई कोरा फॉर्म घेऊन परतल्या आणि सवयीने त्याला आवक क्रमांक घातला.

शुक्रवारी साहेबांचा बांध फुटला. या सगळ्याला ते यंत्र कारणीभूत आहे, ते म्हणाले. यंत्र आल्यापासून एक गोष्ट दोनदा होते. पुढच्या सोमवारपासून इंटरनेट बंद, पत्ते बंद, आणि कारखाना पूर्वीसारखा चालेल. आवक-जावकीचं टेबल आहे तिथेच राहील. मॅडमनी वाद घातला नाही. फक्त “बरं, बाबा” म्हणाल्या आणि आपल्या खणातल्या वस्तू काळ्या पिशवीत भरू लागल्या. जुन्या कंपनीने त्यांना परत बोलावलं होतं, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं.

म्हणजे बाई जिंकल्या. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. चार वर्षं, आपलं टेबल, आपल्या वह्या. पण त्या दोन दिवसांत त्यांना घास गिळेना. मास्तरांनी विचारलं तर म्हणाल्या, दाढ दुखते. गंमत अशी की दाढ खरोखर दुखत होती ती साहेबांची. रविवारी ती काढावी लागली, आणि सोमवारी इंटरनेट बंद करायला यायचे ते साहेब गाल सुजवून घरी पडले. बुधवारपर्यंत सही नाही, असा निरोप आला.

सोमवारी साडेदहाला स्टोअरकीपर बाईंच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. हातात छापलेली मेल होती. शाळांचे बाक बनवणाऱ्या एका कारखानदाराने विचारलं होतं, पाऊण इंची चार लाख स्क्रू मिळतील का, आज दुपारपर्यंत कळवा, माझी माणसं हात बांधून बसली आहेत.

“अशी आणखी एकतीस पडलीत साहेबांच्या ट्रेमध्ये,” तो म्हणाला. “छोटे छोटे सुतारकामवाले. महिन्यापासून सुटे स्क्रू विचारतायत.”

बाईंनी ती मेल त्याच्या हातून घेतली.

“तुमचं टेबल राहिलं, बरं झालं. पोरगी मात्र चालली.” मग त्याने आवाज आणखी खाली आणला. “ट्रकवाल्यांनी मालाबरोबर दिलेली ती दोन्ही पत्रं माझ्याकडे आहेत, बाई. चारशे बारा आणि चारशे एकतीस. मी कुणाला दाखवलेली नाहीत.”

तो निघून गेला. बाई उठल्या आणि कॉम्प्युटरपाशी जाऊन बसल्या. टायपिस्टने त्यांचा चेहरा पाहिला आणि साक्षीदार व्हायला नको म्हणून तो हात धुवायला निघून गेला. यंत्र किंचाळलं. बाईंनी एका बोटाने एकेक अक्षर हुडकून काढलं. भांडून वेगळ्या राहायला गेलेल्या भावांसारखी ती चारी दिशांना पांगलेली होती. तीन शब्दांना पंचवीस मिनिटं लागली. “आहेत. घेऊन जा.” खाली सही करायची जागाच नव्हती, म्हणून त्यांनी लिहिलं: आवकबाई. नंबर घालायला हात आपोआप वहीकडे गेला. त्यांनी तो मांडीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने मेल पाठवली.

दुपारी तीनला बाकवाल्याचा टेम्पो दारात. चाळीस खोकी गेली. मग बाईंना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी आणखी सात लिहिली, मंगळवारी उरलेली चोवीस. बुधवारी सकाळी साहेब आले तेव्हा बोळातून सरळ चालत केबिनपर्यंत गेले, आणि दार भिंतीपर्यंत उघडलं. दचकून ते तिथेच उभे राहिले.

बाई दोन्ही वह्या घेऊन आत गेल्या. मॅडम आतच होत्या, निरोप घ्यायला आलेल्या.

“साहेब, चूक यंत्राची नव्हती. एका मागणीला दोन नंबर मी घातले. टेबल जाऊ नये म्हणून पक्क्या पत्राची व्यवस्थाही मीच काढली.” बाईंनी वह्या टेबलावर ठेवल्या. “आणि परवापासून बत्तीस पत्रं गेली. एकावरही नंबर नाही. एकावरही तुमची सही नाही.”

साहेबांनी एक हात सुजलेल्या गालावर ठेवून दुसऱ्या हाताने जावकीची वही उघडली.

“आणि लोकांनी माल नेला?”

“नेला.”

“सही नसताना?”

“विचारलीसुद्धा नाही कुणी.”

दाढ काढताना साहेबांनी हूं की चूं केलं नव्हतं, असं नंतर डॉक्टर सांगत. पण हे वाक्य ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हळूहळू ते हसायला लागले. गाल दुखत होता, म्हणून एकाच बाजूने हसले. “म्हणजे तीस वर्षं,” ते मुलीला म्हणाले, “मी नळवाल्यांना पाण्यात उभं करत होतो.” मॅडमनी काळी पिशवी टेबलावर ठेवली. बाईंच्या तोंडून एकदम निघून गेलं, “तू बस गं आधी.” आणि “तू की तुम्ही” हा प्रश्नही त्या दिवशी सुटला.

नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला आवक-जावकीचं टेबल ठरल्याप्रमाणे बंद झालं. जगातले कॉम्प्युटर बंद पडले नाहीत. बाईंना स्टोअरमध्ये पाठवलं नाही; गिऱ्हाइकांची सगळी पत्रं त्यांच्या पत्त्यावर यावीत आणि उत्तर त्यांनी स्वतःच द्यावं, असं ठरलं.

साहेब पुढे सहा वर्षं कारखान्यात येत होते. पहिल्या वर्षी ते दुपारी टेबलाटेबलांशी जाऊन, कुणाला सही हवी आहे का, असं सहज विचारल्यासारखं विचारत. दया येऊन टायपिस्ट रोज एक कागद तयार ठेवायचा. शेवटी त्यांनी हिरवी शाई नातीच्या चित्रांखाली “पाहिले” म्हणून सही करायला वापरली आणि तिथे त्यांना भरपूर काम मिळालं. टायपिस्टने निवृत्त माणसांना कॉम्प्युटर शिकवायचा वर्ग काढला. वरच्या मजल्यावरचे टेलिफोनवाले त्याचे पहिले विद्यार्थी, आणि पहिले नापास. स्टोअरकीपर बाईंच्या निवृत्तीच्या समारंभात बोलायला उभा राहिला, दोन वाक्यांत गहिवरला आणि पाण्याचा ग्लास मानपत्रावर ठेवून खाली बसला. बाई काही बोलल्या नाहीत. नणंदबाई अजून सांगतात की मूळ कल्पना त्यांचीच होती. कोणती, ते विचारलं की त्या ऐकू येत नाही असं दाखवतात. मॅडम आता साठीला आल्यात. त्यांची मुलगी त्यांना सांगते की मेल फार जुनी झाली, आई, आणि त्या मान डोलावतात.

आणि आवकबाई. त्या गेल्यावर त्यांचा पत्ता बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही. गिऱ्हाइकांना तो पाठ झाला होता. आज त्या जागेवर तिशीतला एक दाढीवाला गृहस्थ बसतो आणि प्रत्येक उत्तराखाली “आवकबाई” असं लिहितो. लांबलांबच्या देशांत लोकांना वाटतं की या बाई शंभरी ओलांडून कामावर आहेत.

मागच्या वर्षी बाईंच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी तुटली. त्यांनी गुपचूप, अनोळखी गिऱ्हाइकासारखी त्या पत्त्यावर मेल टाकली. सात मिनिटांत उत्तर आलं: माल आहे, उद्या पोचेल, आपली आवकबाई. बाईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मग मास्तरांना हाक मारून दाखवलं आणि म्हणाल्या, “बाई तत्पर आहे. पण दार डावीकडे उघडतं की उजवीकडे, ते विचारायला हवं होतं तिने. मी विचारलं असतं.”

आणि तसं कळवायला त्या पुन्हा लिहायला बसल्या.